मान्यता आणि विश्वास : रशियातील जनमतचाचण्यांची कहाणी

२०१९ च्या मे महिन्यात मॉस्कोत दोन आकड्यांवरून मोठा गहजब झाला. ‘व्त्सिओम’ ही रशियन सरकारच्या मालकीची जनमतसंस्था. तिने आपली नेहमीची आकडेवारी प्रसिद्ध केली आणि तीत व्लादिमिर पुतिन यांच्यावर विश्वास व्यक्त करणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ३१ टक्के भरले. २००६ पासूनचा तो नीचांक होता. त्याच सुमारास त्यांच्या कारभाराला मान्यता देणाऱ्यांचे प्रमाण मात्र साठ टक्क्यांच्या वर होते. क्रेमलिनचे प्रवक्ते दिमित्री पेस्कोव्ह यांनी या आकड्यांची सांगड कशी घालायची याचा खुलासा तज्ज्ञांनी करावा, अशी अपेक्षा जाहीरपणे बोलून दाखविली. खुलासा तत्परतेने आला. संस्थेने प्रश्नच बदलून विचारला आणि ३१ मे रोजी नवा आकडा जाहीर केला : ७२.३ टक्के.

या प्रसंगाची त्या वेळी पुष्कळ टिंगल झाली. परंतु त्यातील खरी मौज अशी की दोन्ही आकडे आपापल्या परीने खरे होते. जुना प्रश्न खुला होता : महत्त्वाचे राष्ट्रीय प्रश्न सोडविण्याबाबत कोणत्या राजकारणी व्यक्तींवर तुमचा विश्वास आहे, त्यांची नावे सांगा. उत्तर देणाऱ्याला स्वतःच्या मनातून नाव काढावे लागे. नवा प्रश्न बंद होता : पुतिन यांच्यावर तुमचा विश्वास आहे की नाही? येथे नाव समोरच ठेवलेले होते. मान तेवढी हलवायची. विचारल्यावर ‘होय’ म्हणणारे शंभरात बहात्तर आणि न सुचविता ते नाव घेणारे एकतीस. मधल्या चाळीसएक माणसांच्या मनात काय आहे, हा प्रश्न कोणत्याही एकाधिकारशाहीचा अभ्यास करू पाहणाऱ्यास टाळता येत नाही. रशियात तो धसास लावण्याचा प्रयत्न काही समाजशास्त्रज्ञांनी साठ वर्षे चिकाटीने केला आणि त्याची किंमतही मोजली.

सोव्हिएत व्यवस्थेत लोकमत ही कल्पनाच मुळी अडचणीची होती. पक्ष हाच जनतेचा आवाज, असे एकदा मानले की जनतेला निराळे काही विचारण्याचे प्रयोजन उरत नाही. स्तालिनच्या मृत्यूनंतर वातावरण थोडे निवळले, तेव्हा बरीस ग्रूशिन या तरुण तत्त्वज्ञाने १९६० साली ‘कोम्सोमोल्स्काया प्रावदा’ या युवक संघटनेच्या दैनिकात ‘लोकमत संस्था’ नावाचा विभाग सुरू केला. अमेरिकेचे हेरविमान सोव्हिएत हद्दीत पाडले गेल्याला तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते. पहिला प्रश्न त्या काळाला साजेसाच होता : जागतिक युद्ध टाळणे मानवजातीला शक्य होईल काय? उत्तर अर्थातच प्रचंड बहुमताने ‘होय’ असे आले. आज ते उत्तर बाळबोध वाटेल, पण त्या उत्तराहून प्रश्न विचारला जाणे हीच घटना मोठी होती. पक्षाच्या देशात प्रथमच कोणीतरी सामान्य माणसाला ‘तुम्हांला काय वाटते?’ असे विचारून त्याचे उत्तर मोजून छापले. हा विभाग १९६७ पर्यंत कसाबसा तग धरून राहिला.

पुढच्याच वर्षी सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले आणि देशांतर्गत विचारस्वातंत्र्याचे दिवस पुन्हा आकसले. यूरी लेवादा हे त्या काळी मॉस्को विद्यापीठात समाजशास्त्राची व्याख्याने देत. १९३० साली युक्रेनमधील विनित्सा येथे जन्मलेल्या या अभ्यासकाची व्याख्याने १९६९ मध्ये पुस्तिकारूपाने छापली गेली आणि त्यांच्यावर पक्षाची वक्रदृष्टी वळली. मार्क्सवादी निष्ठा अपुरी, बूर्झ्वा विचारांचा प्रभाव, असे ठरावीक आरोप झाले, प्राध्यापकपद गेले. १९७२ मध्ये ते ज्या समाजसंशोधन संस्थेत काम करीत, तीही साफसूफ करण्यात आली. लेवादा एका अर्थशास्त्रीय-गणिती संस्थेत जाऊन बसले. या विजनवासात त्यांनी एक गोष्ट सोडली नाही : आपल्या भोवतीच्या मित्रांचे आणि विद्यार्थ्यांचे अनौपचारिक चर्चासत्र. जागा बदलत, कधी बंद पडत, पुन्हा सुरू होत ते चालू राहिले. पुढे जी मंडळी रशियाच्या लोकमताची नोंद ठेवणार होती, त्यांतील कित्येकांची घडण या सत्रात झाली.

गोर्बाचोव्ह यांच्या कारकिर्दीत वारे फिरले. नोव्होसिबिर्स्क येथील समाजशास्त्रज्ञ तात्याना झास्लावस्काया यांच्या नेतृत्वाखाली १९८७ च्या अखेरीस अखिल-संघीय लोकमत अभ्यास केंद्राची, म्हणजेच व्त्सिओमची स्थापना झाली. पुढील वर्षी लेवादा तेथे आले आणि १९९२ मध्ये संचालक झाले. सत्तेला आता लोकमत हवे होते. मात्र ते आपल्याला सोयीचे असेल या गृहीतावर. गृहीत किती तकलादू होते, हे १९८९ च्या ऑक्टोबरात दिसले. ‘अर्गुमेंती इ फाक्ती’ या प्रचंड खपाच्या साप्ताहिकाने वाचकांच्या हजारो पत्रांवरून लोकप्रतिनिधींच्या लोकप्रियतेची क्रमवारी छापली आणि तीत पहिला मान अणुशास्त्रज्ञ व असहमतांचे अग्रणी आंद्रेई सखारोव्ह यांना मिळाला. ती काही शास्त्रशुद्ध चाचणी नव्हती. पत्र लिहिणारे वाचक म्हणजे समाजाचा नमुना नव्हे. तरीही खुलेपणाचा पुरस्कार करणारे गोर्बाचोव्ह इतके संतापले की संपादक व्लादिस्लाव स्तार्कोव्ह यांनी पद सोडावे अशी मागणी त्यांनी केली. स्तार्कोव्ह हटले नाहीत. मोजमापाचे स्वागत करणे सोपे. त्यात आपली उंची कमी भरली तर ते सोसणे उदारमतवादी राज्यकर्त्यालाही जड जाते.

त्याच वर्षी लेवादा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सोव्हिएत माणूस’ या विषयावर एक व्यापक पाहणी केली. सोव्हिएत राजवटीने घडविलेला माणूस तिच्याबरोबरच काळाच्या पडद्याआड जाईल आणि तरुण पिढी निराळ्या मुशीतून बाहेर पडेल, असा त्यांचा आशावादी कयास होता. पुढील पाहण्यांनी तो फोल ठरविला. राजवट गेली, लाल निशाण उतरले, दुकाने मालाने भरली. पण राज्यसत्तेशी जुळवून घेण्याची जुनी रीत नव्या पिढीतही उगवत राहिली. लेवादांनी या माणसाला ‘धूर्त माणूस’ असे नाव दिले. पोटात एक आणि ओठांत एक, ही त्याची ढोंगबाजी नसून जगण्याची पद्धत होती. तो सत्तेला फसवितो, सत्ता त्याला फसविते, आणि दोघांनाही हे ठाऊक असते. आपण फसत आहोत हे कळूनही फसवून घेण्यात त्याला एक प्रकारची सुरक्षितता वाटते. हे निदान कठोर आहे. काही टीकाकारांना त्यात स्वतःच्याच लोकांविषयीचा तुच्छभाव दिसला. परंतु लेवादा स्वतःला या माणसाहून वेगळ्या मातीचे समजत होते असे त्यांच्या लेखनावरून वाटत नाही. सोव्हिएत जीवनाचा अनुभव त्यांनीही घेतलेला होता.

येल्त्सिन यांच्या काळात जनमतचाचण्यांना फार चांगले दिवस आले, असे वरकरणी म्हणता येईल. १९९६ च्या आरंभी येल्त्सिन यांचा पाठिंबा एक अंकी झाला होता आणि तसे उघड छापता येत होते. जुलैमध्ये दुसऱ्या फेरीत सुमारे ५४ टक्के मतांनी ते निवडूनही आले. त्यामागे पैसा, दूरचित्रवाणी आणि साम्यवाद्यांच्या पुनरागमनाची भीती यांचा वाटा किती, याची चर्चा अजून संपलेली नाही. एक बोध मात्र सत्तेच्या वर्तुळातील चतुर मंडळींनी त्यातून घेतला. लोकमत ही केवळ मोजण्याची वस्तू नाही. ते घडविताही येते.

९ ऑगस्ट १९९९ रोजी पुतिन पंतप्रधान झाले तेव्हा देशात त्यांना फारसे कोणी ओळखत नव्हते. त्या महिन्यात त्यांच्या कामाला मान्यता देणारे ३१ टक्के होते. सप्टेंबरात मॉस्को व अन्य शहरांत राहत्या इमारती स्फोटांनी उडविल्या गेल्या, चेचन्यात दुसरे युद्ध सुरू झाले आणि नोव्हेंबरपर्यंत हा आकडा ७८ वर जाऊन पोचला. जानेवारी २००० मध्ये तो ८४ होता. ज्याची कामगिरी अजून व्हायची होती त्याच्यावर इतकी मान्यता बरसली, हे लेवादांना विशेष वाटले. ही पावती कामाची नव्हती. ती आशेची होती, आणि काही अंशी भीतीचीही. लोक पुतिन यांच्यावर विश्वास का ठेवतात, असा प्रश्न त्यांचे सहकारी वेळोवेळी विचारीत. मिळणाऱ्या उत्तरांत एक उत्तर वर्षानुवर्षे अग्रभागी राहिले : भरवसा ठेवावा असा दुसरा कोणी दिसत नाही. दुसरा कोणी का दिसत नाही, हे विचारले की प्रकरण समाजशास्त्राकडून सरळ राजकारणाकडे जाते. दूरचित्रवाणी वाहिन्या एकेक करून सरकारच्या मुठीत आल्या, प्रांतांच्या राज्यपालांची निवडणूक २००४ नंतर काही वर्षे बंद झाली, प्रतिस्पर्धी तुरुंगात किंवा परदेशात गेले. पर्याय दृष्टीआड केला, की राहिलेल्या एकमेव नावाला मान्यता मिळणे ओघानेच येते.

लेवादांची संस्था फार काळ मोकळी राहणार नव्हती. चेचन्यातील युद्ध चालू ठेवण्यापेक्षा वाटाघाटी कराव्यात असे निम्म्याहून अधिक लोकांना वाटते, हे व्त्सिओमच्या पाहण्या सातत्याने दाखवीत होत्या, आणि निवडणुका जवळ आल्या होत्या. २००३ मध्ये सरकारने आपल्या मालकीचा हक्क बजावला. संस्थेचे भागभांडवली कंपनीत रूपांतर झाले, संचालक मंडळावर सरकारी अधिकारी आले. लेवादा बाहेर पडले. त्यांच्या मागोमाग जवळजवळ सगळे संशोधक राजीनामे देऊन निघाले. जुने नाव, जागा आणि शिक्का सरकारकडे राहिला. प्रश्नावल्या, पद्धती आणि माणसे लेवादांकडे. नव्या संस्थेला पुढे ‘लेवादा केंद्र’ हे नाव मिळाले. अशा सामूहिक निर्गमनाची उदाहरणे विद्वज्जनांच्या इतिहासात विरळाच. नोव्हेंबर २००६ मध्ये लेवादा वारले, तेव्हा संस्थेचे काम लेव्ह गुदकोव्ह यांनी हाती घेतले.

येथे थोडे थांबून एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. हुकूमशहाला लोकमताची पर्वा नसते, ही समजूत बरोबर नाही. नाझी जर्मनीत गुप्त सुरक्षा यंत्रणा जनतेच्या मनःस्थितीचे नियमित अहवाल तयार करी. युद्धात पराभव दिसू लागला आणि अहवालांतून तो डोकावू लागला, तेव्हा १९४४ मध्ये ते बंद करण्यात आले. पूर्व जर्मनीत सत्ताधारी पक्षाने १९६४ मध्ये स्वतःची लोकमत संस्था काढली, तिचे निष्कर्ष कुलूपबंद ठेवले आणि १९७९ मध्ये ती मोडून टाकली. दहा वर्षांनी बर्लिनची भिंत पडली तेव्हा सत्ताधारीच सर्वांत अधिक चकित झाले होते. भारतातही आणीबाणीच्या एकोणीस-वीस महिन्यांत वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी लादलेली असताना जनतेचे मन कळण्याचे मार्ग आटले होते. १८ जानेवारी १९७७ रोजी इंदिरा गांधींनी निवडणुका जाहीर केल्या. त्यांच्या पक्षाला उत्तर प्रदेश आणि बिहार या दोन राज्यांत मिळून एकही जागा मिळाली नाही आणि रायबरेलीत त्या स्वतः पराभूत झाल्या. बोलणाऱ्याचे तोंड बांधले की ऐकणाऱ्याचे कानही आपोआप बंद होतात. रशियातील सत्ताधाऱ्यांना याची जाण असावी. म्हणूनच त्यांच्या सुरक्षा खात्यामार्फत गोपनीय पाहण्याही होत राहिल्या, आणि लेवादा केंद्रही पूर्णपणे बंद करण्यात आले नाही.

मार्च २०१४ मध्ये क्रिमिया रशियाला जोडून घेतल्यानंतर पुतिन यांची मान्यता ८० टक्क्यांवर गेली. जून २०१५ मध्ये तिने ८९ चा उच्चांक गाठला. पाश्चात्य वृत्तपत्रांत साहजिकच शंका आली : भीतीपोटी लोक खोटे बोलत असतील काय? तैमूर कुरान या अर्थशास्त्रज्ञाने १९९५ च्या आपल्या ग्रंथात दाखविले होते की दडपणाखाली माणसे आपली खरी पसंती लपवितात, आणि प्रत्येकजण लपवीत असल्यामुळे आपल्यासारखे किती आहेत हे कोणालाच कळत नाही. ही शंका तपासण्यासाठी चार अमेरिकी राज्यशास्त्रज्ञांनी लेवादा केंद्राच्या साह्याने २०१५ च्या आरंभी एक युक्ती योजली. काही लोकांना तीन नेत्यांची यादी दिली आणि यांपैकी कितीजणांना तुमचा पाठिंबा आहे तेवढा आकडाच सांगा, नावे नकोत, असे म्हटले. दुसऱ्या गटाच्या यादीत तीच तीन नावे आणि चौथे पुतिन यांचे. दोन्ही गटांच्या सरासरीतील फरक म्हणजे पुतिन यांचा लपवाछपवीविना मिळालेला पाठिंबा. तो सुमारे ८० टक्के निघाला. थेट विचारून मिळालेल्या आकड्याहून फार तर दहा टक्क्यांनी कमी. म्हणजे बहुसंख्य लोक खोटे बोलत नव्हते. याच अभ्यासकांनी पुढे हा प्रयोग पुन्हा केला, तेव्हा अंतर अधिक दिसले आणि या युक्तीच्याही मर्यादा त्यांनी प्रामाणिकपणे नोंदविल्या.

भीतीचा सिद्धान्त अपुरा ठरला तरी प्रश्न मिटत नाही. उलट अवघड होतो. खोटे बोलणाऱ्याच्या मनात निदान खरे काहीतरी जपून ठेवलेले असते. ज्याने आपले मत कधी तयारच होऊ दिले नाही, त्याच्या ‘होय’चे काय करावे? अनोळखी माणूस दारात कागद घेऊन उभा राहतो आणि राष्ट्राध्यक्षांच्या कारभाराला मान्यता आहे का असे विचारतो. पुष्कळांच्या लेखी हा प्रश्न ‘तुम्ही या देशाचे आहात ना?’ असाच ऐकू येतो. त्याला नाही म्हणणे म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांपासून, दूरचित्रवाणीपासून, एका मोठ्या ‘आम्ही’पासून तुटणे. गुदकोव्ह वारंवार सांगत आले की या आकड्यात प्रेम शोधू नये.

२०१२ मध्ये रशियात ‘परकीय हस्तक’ कायदा आला होता. सोव्हिएत काळ आठवणाऱ्या कानांना या शब्दाचा अर्थ ‘हेर’ असाच लागतो. ‘परकीय हाता’ची भाषा ऐकलेल्या भारतीय वाचकालाही तो निराळा समजावून सांगायला नको. ५ सप्टेंबर २०१६ रोजी, संसदेच्या निवडणुकीला दोन आठवडे उरले असता, लेवादा केंद्राचे नाव त्या यादीत घालण्यात आले. सत्ताधारी पक्षाचा पाठिंबा घसरल्याची आकडेवारी नुकतीच प्रसिद्ध झाली होती. त्यानंतर निवडणूक प्रचाराच्या काळात मतदानाविषयीचे निष्कर्ष प्रसिद्ध करण्याचे धाडस संस्थेला करता येईना. २०१८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत तिने तसे जाहीरही केले. गमतीचा भाग असा की जिला हस्तक ठरविले त्याच संस्थेचे ८० टक्क्यांचे आकडे सरकारचे समर्थक अभिमानाने उद्धृत करीत. स्वतंत्र संस्थेने दिलेला आकडा म्हणून त्याला वजन होते. दुसऱ्या बाजूने रशियातील आणि परदेशांतील काही विरोधक संस्थेलाच दोष देऊ लागले : असे आकडे छापून तुम्ही सत्तेची आरती ओवाळता, आणि एकाकी विरोधकाला अधिक एकाकी करता. हा आक्षेप वावगा नाही. आकडा स्वतःच लोकमत घडवितो. सगळेच बरोबर आहेत असे दिसले की उरलेलेही रांगेत येतात. परंतु मोजणे थांबविल्यास उरते ती केवळ सरकारी वाहिनी. संस्थेने दर महिन्याला सुमारे १,६०० प्रौढ व्यक्तींच्या घरी जाऊन त्याच शब्दांत तोच प्रश्न विचारण्याचा परिपाठ सोडला नाही. तिची खरी कमाई एखाद्या महिन्याच्या आकड्यात नाही, या अखंड मालिकेत आहे.

मालिकेमुळेच पुढचे दिसले. १४ जून २०१८ रोजी, विश्वचषक फुटबॉल स्पर्धेच्या उद्घाटनाच्या दिवशी, निवृत्तीचे वय वाढविण्याचा प्रस्ताव सरकारने हळूच पुढे सरकविला. युद्धे आणि निर्बंध सहन करणारा समाज या प्रश्नावर बिथरला. मान्यता मेमधील ७९ वरून जुलैत ६७ वर आली. त्याहून बोलका होता खुल्या प्रश्नाचा निकाल. नोव्हेंबर २०१७ मध्ये विश्वासू नेता म्हणून पुतिन यांचे नाव स्वतःहून घेणारे ५९ टक्के होते. वर्षभरात ते ३९ झाले, आणि महासाथीच्या उन्हाळ्यात, जुलै २०२० मध्ये, २३. त्याच महिन्यात मान्यता मात्र ६० टक्के होती. खुर्चीला होकार कायम होता. मनातले नाव पुसट होत चालले होते.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियन फौजांनी युक्रेनवर आक्रमण केले. आठवडाभरातच सैन्याविषयी ‘खोटी माहिती’ पसरविण्यास पंधरा वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद झाली. मान्यता ७१ वरून मार्चमध्ये ८३ वर गेली. १९९९, २००८, २०१४ प्रमाणे युद्धाबरोबर आकडा याही वेळी चढला. सप्टेंबरात सक्तीच्या भरतीचा हुकूम निघाला तेव्हा तो ७७ पर्यंत उतरला आणि काही महिन्यांत पुन्हा वर गेला. ज्याला दार उघडून उत्तर देण्याची इच्छाच नाही त्याची गणना कशी करावी, हा जुना प्रश्न आता अधिक तीव्रतेने विचारला जाऊ लागला. आणि २०२१ पासून संचालक असलेले देनिस वोल्कोव्ह त्याला आपल्या पद्धतीच्या तपशिलांनी उत्तरे देत राहिले.

याच आकड्यांच्या शेजारी दुसरी एक रांग आहे, आणि तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये लेवादा केंद्राने विचारले : लष्करी कारवाई चालू ठेवावी की शांततेच्या वाटाघाटी सुरू कराव्यात? ५७ टक्के लोकांनी वाटाघाटींना कौल दिला, ३६ टक्क्यांनी युद्धाला. त्या वेळीही राष्ट्राध्यक्षांची मान्यता ऐंशीच्या आसपासच होती. वर्षभराने प्रश्न आणखी नेमका करण्यात आला : पुतिन यांनी याच आठवड्यात युद्ध थांबविण्याचा निर्णय घेतला, तर तुम्ही त्याला पाठिंबा द्याल काय? सुमारे ७० टक्के लोक होय म्हणाले. जिंकलेला प्रदेश परत करण्याची अट त्याला जोडली, तेव्हा होकार देणारे निम्म्यावर आले.